मॉनिटरमधला डेटा ७२ तासांनी पुसला जातो, साठवला तर काही उपयोग होईल का?

फ्यूजवायर

नमस्कार मंडळी. बरेच दिवस वाचनमात्र होतो, आज गरज पडली म्हणून धागा काढतोय. मी एका ट्रस्टच्या हॉस्पिटलात बायोमेडिकल इंजिनिअर आहे (गावाचं नाव नको, स्टाफमधले दोघं-तिघं इथे असतात). मोठ्यांच्या आयसीयूत १४ बेड आहेत, शिवाय नवजात बाळांचं आयसीयू, म्हणजे एनआयसीयू, वेगळं. गेल्या महिन्यात आमचे एक ट्रस्टी कुठल्याशा परिषदेला जाऊन आले आणि आल्या आल्या मला बोलावून म्हणाले, आपल्याकडे एवढी मशीनं दिवसरात्र चालतात, त्यातून इतका डेटा निघतो, त्यावर एआय करा काहीतरी. "काहीतरी" हे त्यांचंच शब्दशः.

आता वस्तुस्थिती अशी की तो डेटा आमच्याकडे राहतच नाही. सगळे मॉनिटर जिथे जोडलेले असतात त्या सेंट्रल स्टेशनवर ७२ तासांचा साठा असतो, नंतर नवा येतो तसा जुना पुसला जातो. मी सहज हिशोब मांडला. ईसीजीची एक लीड सेकंदाला २५० आकडे देते, म्हणजे दिवसाला २ कोटी १६ लाख. दोन लीड, सॅच्युरेशनची वेव्ह, श्वासाची वेव्ह आणि आर्टलाइन (धमनीत घातलेली नळी) असेल तर तिचं प्रेशर, असं सगळं धरून एका बेडचे दिवसाला साधारण ७ कोटी आकडे होतात. ऐकायला भयंकर वाटतं, पण जागा लागते १४० एमबी. सगळे बेड भरलेले आणि सगळ्यांना आर्टलाइन धरली तरी वर्षाचं ७०० जीबीच्या आसपास, एका साध्या हार्डडिस्कमध्ये बसेल एवढंच. "बिग डेटा" म्हणून ज्याचा गवगवा चाललाय तो माझ्या टेबलाच्या खणात मावतो राव.

म्हणून एका बेडचा एका रात्रीचा डेटा काढून बघितला, रात्री १० ते सकाळी ६. आणि मला वाटलं मी शोध लावला! पेशंटचं सॅच्युरेशन ९६-९७ चालू आहे, मधूनच धाडकन ७०-७५ वर येतं, पाऊण-एक मिनिटात परत ९६. अशा ३४ डिप एका रात्रीत. म्हणलं हा माणूस झोपेत श्वास थांबवतोय आणि कुणाला पत्ताच नाही. सकाळी प्रिंटआउट घेऊन धावत इनचार्ज सिस्टरांकडे गेलो. त्यांनी कागद हातातही घेतला नाही, लांबूनच विचारलं, "बीपी दर किती मिनिटांनी लावलंय?" दर १५ मिनिटांनी. "आणि बोटाचा प्रोब कुठल्या हाताला?" गेलो बघायला, तर त्याच हाताला. बीपीचा कफ, म्हणजे दंडाला बांधलेला पट्टा, फुगला की हाताचं रक्त अडतं, बोटाला पोचत नाही, आकडा पडतो, कफ सुटला की वर येतो. नंतर वेळा जुळवून बघितल्या तर ३४ पैकी ३१ कफच्याच निघाल्या. उरलेल्या ३ चं काय ते आजपर्यंत मला माहीत नाही.

तर प्रश्न असा. कुणी असलं काम प्रत्यक्ष केलंय का? आणि सुरुवात कुठून करू?

नाइटड्यूटी

हसून हसून पुरेवाट झाली. १९ वर्षं आयसीयूत काढलीत, त्या कफचं नाटक पहिल्या आठवड्यातच कळतं. दुसऱ्या हाताला प्रोब लावायचा असतो हे सगळ्यांना ठाऊक असतं, पण दुसऱ्या हातात आर्टलाइन असते, नाहीतर तो हात बांधलेला असतो, मग सिस्टर काय करणार?

तुमच्या डेटात अजून काय काय सापडेल ते आत्ताच सांगून ठेवते. आर्टलाइनमधून एबीजीला (रक्तातल्या ऑक्सिजनच्या तपासणीला) रक्त काढताना प्रेशरची लाइन सपाट होते आणि मग नळी धुवायला फ्लश मारला की ३०० च्या वर उडी घेते. तुमचा कॉम्प्युटर म्हणेल पेशंट गेला आणि लगेच त्याला बीपीचा झटका आला. पेशंटला कुशीवर वळवलं आणि ट्रान्सड्यूसर (प्रेशर मोजणारा सेन्सर) तिथेच राहिला तर बीपी दहा-पंधराने वरखाली दिसतं, त्यात पेशंटला काहीही झालेलं नसतं. सक्शन करताना (श्वासनळीतला स्राव ओढून काढताना) सॅच्युरेशन पडतं. एकदा एका आजोबांच्या ईसीजीवर व्हीटीसारखं (हृदयाच्या जीवघेण्या वेगवान ठोक्यांसारखं) दिसायला लागलं म्हणून सगळे पळत गेले तर आजोबा दात घासत होते, हाताच्या हिसक्याने लीड हलत होती.

आणि एक कबुली देते, नाव माहीत नाही म्हणून. चार्टवर आम्ही तासाला एक नोंद करतो. श्वासाचा दर मोजायला पूर्ण मिनिट छातीकडे बघत उभं राहायचं असतं. पाच पेशंट असतील तर कोण राहील उभं? म्हणून जगातल्या सगळ्या पेशंटांचा श्वास २० असतो. पुढची सिस्टरही २० लिहिते.

बर्फातला_बाळू

मस्त धागा. मी टोरोंटोत असतो, मेडिकलचा नाही, स्ट्रीमिंग डेटाचं सॉफ्टवेअर लिहितो (बँकेसाठी, हलके घ्या). पण इथलं एक उदाहरण या विषयातलं अगदी मुळाचं आहे म्हणून लिहितो.

इथे सिककिड्स म्हणून लहान मुलांचं मोठं हॉस्पिटल आहे. कॅरोलिन मॅकग्रेगर या संशोधक बाईंनी आयबीएमच्या लोकांना बरोबर घेऊन २००९ मध्ये तिथल्या एनआयसीयूत आर्टेमिस नावाची सिस्टीम चालू केली. तुमच्याकडे जे होतंय तेच तिथेही होत होतं, मशीन सेकंदाला शेकडो आकडे देतंय आणि सिस्टर तासाला एक आकडा कागदावर लिहितेय, मधलं सगळं वाऱ्यावर. त्यांनी डेटा आधी साठवा मग बघू असं केलं नाही. आकडे वाहत असतानाच त्यांच्यावर हिशोब करायचा. आपल्याकडे नदीवर गाळणी धरून बसतात तसं, अख्खी नदी घरी नेत नाहीत.

शोधत काय होते तर अपुऱ्या दिवसांच्या बाळाला हॉस्पिटलात असताना होणारं इन्फेक्शन. बाळ बाहेरून ठीक दिसत असतं तेव्हाच त्याच्या ठोक्यांमधला बारीक चढउतार कमी व्हायला लागतो, आणि हे लक्षणं दिसायच्या काही तास, कधी जवळजवळ एक दिवस आधी. ठोके नियमित होतात म्हणजे चांगलं असं आपल्याला वाटेल. उलटं असतं. पुढचं कुणी डॉक्टर असेल तर त्यांनी सांगावं, मी इथे थांबतो नाहीतर मार खाईन.

डॉ. अंगाईगीत

मार नाही, बाळू, बरोबर सांगितलंत. नवजात शिशूंची डॉक्टर आहे, म्हणून हा विषय माझ्या रोजच्या भाकरीचा.

निरोगी बाळाच्या दोन ठोक्यांमधलं अंतर सतत किंचित बदलत असतं. श्वासाबरोबर, हालचालीबरोबर, मेंदूकडून येणाऱ्या व्हेगस नर्व्हच्या ताब्यात असल्यामुळे. रक्तात जंतू पसरायला लागले की शरीरात जी रसायनं सुटतात ती या ताब्यात ढवळाढवळ करतात. ठोके एकसुरी होतात आणि त्या एकसुरीपणात मधूनच छोटी घसरण येते, १५० वरून १२० आणि परत. डोळ्याने मॉनिटर बघून हे कळणं जवळजवळ अशक्य, कारण स्क्रीनवर दिसतो तो सरासरी काढलेला आकडा. तो १५० च दिसत राहतो.

हे पहिल्यांदा नीट पकडलं ते अमेरिकेतल्या व्हर्जिनिया विद्यापीठाच्या लोकांनी, रँडल मूरमन (हे मोठ्यांचे कार्डिओलॉजिस्ट बरं का) आणि पॅमेला ग्रिफिन. त्यातून हीरो स्कोअर निघाला. मागच्या काही तासांचे ठोके घेऊन दर तासाला एक आकडा दाखवतो, पुढच्या २४ तासांत या बाळाला सेप्सिस (रक्तात पसरलेलं इन्फेक्शन) व्हायची शक्यता नेहमीपेक्षा किती पट आहे असा. आणि मला सगळ्यात आवडलेली गोष्ट ही की त्यांनी ते खरंच तपासलं. नऊ एनआयसीयू, १५०० ग्रॅमच्या आतली ३००३ बाळं, निम्म्यांचा स्कोअर डॉक्टरांना दिसतोय, निम्म्यांचा मशीन काढतंय पण स्क्रीनवर दाखवत नाही. २०११ मध्ये निकाल आला. मृत्यूचं प्रमाण १०.२ टक्क्यांवरून ८.१ टक्के. स्कोअर दिसल्यावर काय करायचं हे कुणीही सांगितलेलं नव्हतं, नुसता आकडा भिंतीवर.

सरासरी काढली तर ४८ बाळांना स्कोअर लावला तेव्हा एक बाळ जास्त वाचलं. यातला योगायोगाचा भाग किती यावर वाद घालणारे आहेत, फरक संख्याशास्त्राच्या उंबरठ्यावरून जेमतेम आत आलाय, आणि बाळांचे हॉस्पिटलातले दिवस काही कमी झाले नाहीत. तरी या क्षेत्रात "आमचं मॉडेल ९५ टक्के अचूक" म्हणणारे पेपर ढिगाने आणि "आमच्यामुळे पेशंट वाचले का" हे तपासणारे बोटावर मोजण्याइतके.

फ्यूजवायर, एक लक्षात ठेवा. असा स्कोअर सेप्सिस ओळखत नाही, एकसुरी ठोके ओळखतो. ऑपरेशन झालं, श्वासाचा त्रास वाढला, अॅट्रोपिन (ठोके वाढवणारं औषध) दिलं, की ठोके एकसुरी होतातच. अॅट्रोपिन किती वाजता दिलं हे तुमच्या ७ कोटी आकड्यांत कुठेही नसतं, ते असतं सिस्टरांच्या औषधाच्या चार्टवर.

नाइटड्यूटी

डॉक्टर, एकसुरी ठोक्यांचं माहीत नव्हतं, पण आमच्या जुन्या एनआयसीयूच्या इनचार्ज बाई म्हणायच्या, "बाळ आज वेगळं वागतंय." सगळे आकडे नॉर्मल. बाई मात्र हटायच्या नाहीत, डॉक्टरांना बोलावून कल्चर (रक्तातल्या जंतूंची तपासणी) पाठवायला लावायच्या. बऱ्याचदा त्यांचं खरं निघायचं. काय दिसायचं त्यांना विचारलं तर सांगता यायचं नाही. फीड घेताना ओढ कमी, रंग जरा मातकट, असलं काहीतरी.

अण्णा मिरजकर

माझा विषय नाही तरी नाक खुपसतो. वय ७१, डायबेटिस २६ वर्षं. गेल्या दिवाळीत सूनबाईने दंडाला ते साखरेचं सेन्सर चिकटवलं. दर पाच मिनिटाला आकडा, म्हणजे दिवसाला २८८. पूर्वी मी महिन्यातून दोनदा बोट टोचायचो. आता दोन आठवड्यात चार हजार आकडे, फोनवर वही भरून आलेख. डॉक्टरांकडे नेले, त्यांनी एकच पान बघितलं आणि १० मिनिटात विषय संपवला. मला वाईटच वाटलं म्हणा.

पण गंमत पुढेच आहे. रोज पहाटे तीनच्या सुमारास साखर ५५-६० दाखवायची आणि फोन बोंबलायचा. घर जागं, सूनबाई ग्लुकोज घेऊन उभी, मी घामाघूम वगैरे काही नाही, ठणठणीत. इन्सुलिन कमी करायचं ठरत होतं. शेवटी बायकोने विचारलं की तुम्ही त्याच कुशीवर झोपता ना? दंड अंगाखाली दबला की सेन्सर खोटी कमी साखर दाखवतं म्हणे! दुसऱ्या दंडाला लावलं, पहाटेची बोंब बंद. बायको दहावी शिकलेली आहे, हे मुद्दाम लिहितो.

डॉ. अंगाईगीत

अण्णा, काकूंना नमस्कार सांगा. हे अगदी ओळखीचं आहे, दाबामुळे येणारा खोटा लो. आणि डॉक्टरांनी एकच पान बघितलं याचं वाईट वाटून घेऊ नका. १४ दिवसांचे सगळे आकडे एका दिवसावर एक रचून एकच चित्र करतात, त्यात ७० ते १८० मध्ये तुम्ही किती टक्के वेळ होतात हे बघायचं, बहुतेकांसाठी ७० टक्क्यांच्या वर हवं. उतारवयात हे धोरण जरा सैल ठेवतात आणि लो टाळण्यावर भर देतात. चार हजार आकड्यांचं एक पान करता आलं हे त्या सेन्सरच्या यशाचं अर्धं कारण आहे. आयसीयूच्या डेटाचं असं एक पान अजून कुणाला जमलेलं नाही.

सरासरी

उशिरा आलो. पोटापाण्यासाठी मॉडेलं बांधतो, त्यातली दोन वर्षं हॉस्पिटलच्या डेटावर घातली आणि बोटं भाजून घेतली. ट्रस्टी साहेबांना दाखवायला एक हिशोब देतो.

समजा तुमचं मॉडेल १०० आजाऱ्यांपैकी ९० पकडतं आणि १०० निरोग्यांपैकी ९० ना सोडून देतं. जाहिरातीत ९० टक्के अचूक म्हणून छापतील. आता १००० पेशंट घ्या, त्यातल्या १० जणांना पुढच्या काही तासांत सेप्सिस होणार आहे. मॉडेल ९ पकडेल. उरलेल्या ९९० पैकी ९९ ना उगाच लाल दिवा लावेल. म्हणजे १०८ वेळा भोंगा वाजला त्यात ९ खरे. बारापैकी एक. सिस्टर तिसऱ्या रात्री तो भोंगा बंद करेल, आणि मी तिच्या जागी असतो तर पहिल्याच रात्री केला असता.

खोटं वाटत असेल तर सॅन फ्रान्सिस्कोच्या विद्यापीठ हॉस्पिटलातला २०१४ मध्ये छापलेला अभ्यास बघा. पाच आयसीयू, ७७ बेड, ३१ दिवस, आणि मॉनिटरांनी काढलेले अलार्म २५ लाख ५८ हजार ७६०. आवाज करणारेच धरले तरी दर बेडला दिवसाला १८७. ठोक्यांच्या गडबडीचे १२,६७१ अलार्म माणसांनी बसून तपासले तर ८८.८ टक्के खोटे. हे आधीच चाललंय आणि आपण त्यात अजून एक भोंगा वाढवायचा बेत करतोय.

दुसरं, हे जास्त गुपचूप चावतं. मॉडेलला शिकवायला "सेप्सिस कधी झाला" याची वेळ लागते. ती कुठून आणणार? बहुतेक जण कल्चर पाठवल्याची नाहीतर अँटिबायोटिक सुरू केल्याची वेळ घेतात. म्हणजे मॉडेल रोग शिकत नाही, डॉक्टरांना संशय कधी आला ते शिकतं, आणि मग ज्याचा संशय डॉक्टरांना आलेलाच आहे तेच त्यांना सांगत बसतं. अमेरिकेत एपिक या हॉस्पिटलांचं सॉफ्टवेअर बनवणाऱ्या कंपनीचं सेप्सिस मॉडेल शेकडो हॉस्पिटलांत चालू होतं. मिशिगनच्या लोकांनी स्वतःच्या पेशंटांवर तपासून २०२१ मध्ये जामाच्या (अमेरिकन मेडिकल असोसिएशनच्या) एका नियतकालिकात छापलं, तर सेप्सिस झालेल्या पेशंटांपैकी ६७ टक्के त्याच्या हातून निसटलेले आणि तरीही हॉस्पिटलातल्या १८ टक्के भरती पेशंटांवर त्याने अलर्ट दिलेला. कंपनीचे दावे याहून बरेच वरचे होते.

आणि माझी स्वतःची चूक, लाज सोडून. मी दर १५ मिनिटांचा एक तुकडा असा डेटा कापला आणि सगळे तुकडे पिसून अर्धे शिकायला अर्धे परीक्षेला ठेवले. निकाल असा झकास की मी टीमला पेढे दिले. मग एका ज्युनिअर मुलीने विचारलं, सर, एकाच पेशंटचे तुकडे दोन्हीकडे आहेत का? होते. मॉडेलने आजार ओळखलाच नव्हता, माणसं ओळखली होती. पेशंटनिहाय वेगळे केल्यावर निकाल नाणं उडवण्याच्या जवळपास आला. पेढे परत मागता येत नाहीत.

अण्णा मिरजकर

पेढ्यांवर जीएसटी भरला होता का?

शंकेखोर

सगळं छान चाललंय पण मूळ प्रश्न कुणी विचारेना. डेटा कुणाचा? पेशंट बेशुद्ध, नातेवाईक ॲडमिशनच्या वेळी १४ कागदांवर सह्या करतात, त्यातल्या एकात बारीक अक्षरात संमती, झालं. २०२३ चा डेटा संरक्षण कायदा म्हणतो की कशासाठी वापरणार ते स्पष्ट सांगून संमती घ्या. "काहीतरी एआय" हे कारण त्यात बसत नाही.

फ्यूजवायर, कुणी फुकट क्लाउड देतो म्हणून आलंय का तुमच्याकडे? आलं नसेल तर येईलच.

फ्यूजवायर

शंकेखोर, तुम्ही आमच्या हॉस्पिटलात कॅमेरा लावलाय का? मागच्याच आठवड्यात आले होते. डबा फुकट, साठवण फुकट, डॅशबोर्ड फुकट, फक्त करारात एक ओळ की नाव काढलेला डेटा ते "उत्पादन सुधारण्यासाठी" वापरणार, मुदत लिहिलेली नाही. मी म्हणलं डेटा आम्हाला परत कुठल्या फॉरमॅटमध्ये मिळेल, तर म्हणे पीडीएफ. वेव्हची पीडीएफ!! चहा पाजून पाठवलं.

बर्फातला_बाळू

@फ्यूजवायर, नाव काढून डेटा द्यायचा चांगला नमुना हवा असेल तर बॉस्टनचा मिमिक बघ. बेथ इस्रायल हॉस्पिटलच्या आयसीयूतला डेटा एमआयटीच्या लोकांनी जगाला खुला केला, तिसऱ्या आवृत्तीत २००१ ते २०१२ मधले ४० हजारांवर पेशंट. नावं काढलेली, तारखा प्रत्येक पेशंटच्या वेगवेगळ्या पुढच्या काळात सरकवलेल्या. मिळवायला आधी एक ऑनलाइन कोर्स करावा लागतो आणि करारावर सही. मी पण केला, दोन संध्याकाळी गेल्या.

पण तुझ्या कामाची गोष्ट वेगळीच आहे. त्यांच्याकडे सुमारे ३० हजार पेशंटांच्या वेव्ह आहेत आणि त्यातल्या १०,२८२ पेशंटांच्याच वेव्ह त्यांच्या केसपेपरशी जुळवता आल्या. एमआयटी आहे ते. बाकीच्या दोन तृतीयांश वेव्ह नुसत्या रेघा, कुणाच्या आणि त्याला झालं काय होतं ते सांगता येत नाही.

नाइटड्यूटी

का जुळत नाहीत ते मी सांगू? पेशंट शिफ्ट झाला की मॉनिटरवर डिस्चार्ज दाबायचं असतं आणि नवा आला की नाव टाकायचं असतं. रात्री दोन वाजता कोडमध्ये, म्हणजे जिवावरच्या इमर्जन्सीत, आलेल्या पेशंटचं नाव कोण टाकतं? आमच्याकडे एकदा एक पेशंट घरी जाऊन आठ दिवस झाले होते आणि बेडवर मात्र त्यांच्याच नावाने दुसऱ्या बाईंचं बीपी चालू होतं.

डॉ. अंगाईगीत

अजून एक अडचण सेन्सरच्या पोटातच असते. पल्स ऑक्सिमीटर लाल आणि इन्फ्रारेड उजेड बोटातून पार करून मोजतो, जपानच्या ताकुओ आओयागींची १९७० च्या दशकातली कल्पना, आपल्या सगळ्यांना कोविडमध्ये घरोघरी कळली. पण त्वचा जितकी गडद तितका तो सॅच्युरेशन जास्त दाखवण्याकडे झुकतो. मिशिगनच्या डॉक्टरांनी २०२० च्या डिसेंबरात आकडे छापले. ऑक्सिमीटरवर ९२ ते ९६ दिसत असताना रक्तात प्रत्यक्ष ८८ च्याही खाली असण्याचं प्रमाण कृष्णवर्णीय पेशंटांत ११.७ टक्के आणि गोऱ्यांत ३.६. आपल्या वॉर्डात सगळ्या छटा असतात. त्यामुळे परदेशी डेटावर शिकलेलं मॉडेल इथे आणून लावताना त्याच्या अचूकतेच्या गप्पा इथल्या बोटांवर तपासल्याशिवाय मारू नयेत.

प्रवासी पक्षी

वाचतेय. वाखूसा (वाचनखूण साठवली).

फ्यूजवायर

धागा वर काढतोय. सहा आठवडे झाले, काय केलं ते लिहितो, बरंचसं तुमच्यामुळेच.

ट्रस्टींना सरासरी यांचा बारापैकी एकचा हिशोब दाखवला. पाच मिनिटं गप्प बसले, मग म्हणाले की मग तुम्ही काय करताय? म्हणलं घड्याळं लावतोय. त्यांचा चेहरा बघण्यासारखा होता.

पण खरंच तेच केलं. १४ मॉनिटरांची घड्याळं बघितली तर एकाचीही वेळ दुसऱ्याशी जुळत नव्हती. एक ४० मिनिटं मागे, एक पुढच्या दिवसात. व्हेंटिलेटर वेगळ्याच वेळेत, सिस्टरांचा चार्ट भिंतीवरच्या घड्याळाप्रमाणे आणि ते घड्याळ सात मिनिटं पुढे, का तर हँडओव्हर वेळेत व्हावा म्हणून मुद्दाम केलेलं. अॅट्रोपिन ३:१० ला दिलं असं चार्टवर लिहिलेलं असलं तर मॉनिटरच्या हिशोबात ते कधी, हे ब्रह्मदेवालाही सांगता आलं नसतं. आता सगळे मॉनिटर एका सर्व्हरवरून वेळ घेतात, भिंतीवरचं घड्याळसुद्धा बदललं, त्यावरून दोन दिवस भांडण झालं ते वेगळं.

मग डेटा साठवायला जुना पडून असलेला सर्व्हर घेतला. फक्त चार बेड, संमतीचा वेगळा मराठी कागद, एथिक्स कमिटीकडून मंजुरी. बाहेर काहीही जात नाही.

तिसरी गोष्ट इनचार्ज सिस्टरांनीच सुचवली. मॉनिटरवर इव्हेंट मार्क करायचं बटण असतं, इतकी वर्षं कुणी हात लावला नव्हता. पण एकच बटण दाबून काय झालं ते कसं कळणार? त्यांनी मेडिकल टेपची पट्टी मॉनिटरखाली चिकटवली आणि त्यावर पेनाने लिहिलं: एकदा दाबलं तर सक्शन, दोनदा तर कूस बदलली, तीनदा तर रक्त काढलं. एवढंच. चौथं मी वाढवायला गेलो तर म्हणाल्या, तीनाच्या पुढे रात्री कुणी मोजत नाही.

रात्रपाळीच्या दोघी नियमित दाबतात, दिवसपाळीचं विचारू नका. पण दाबलेल्या खुणा लावून बघितल्यावर पहिल्यांदाच त्या रेघा वाचता यायला लागल्या. तीन टिंब, मग प्रेशर सपाट, मग उडी. दोन टिंब आणि बीपी बारा-पंधराने खाली जाऊन तिथेच थांबलेलं, म्हणजे ट्रान्सड्यूसर परत लेव्हलला घेतला नाही. हे आता रोज सकाळच्या राउंडला सांगतो, त्यात एआय वगैरे काही नाही, मी आणि एक्सेल.

आणि त्या उरलेल्या तीन डिप आठवतात? तसल्याच डिप दुसऱ्या एका पेशंटला सापडल्या. कफ नाही, सक्शन नाही, वळवलेलं नाही, एकही टिंब नाही. कागद इनचार्ज सिस्टरांकडे नेला, या वेळी त्यांनी हातात घेतला. डॉक्टरांना दाखवला. त्यांनी रात्री बसून बघितलं, पेशंट झोपेत खरंच श्वास थांबवत होता, आता झोपेची तपासणी ठरलीय.

नाइटड्यूटी

तीनाच्या पुढे रात्री कुणी मोजत नाही, अगदी बरोबर. तुमच्या इनचार्ज सिस्टरांना माझा साष्टांग. टेप मात्र आठवड्याला बदला, स्पिरिटने पुसून पुसून शाई जाते.

सरासरी

फ्यूजवायर, त्या खुणांचा डेटा जपून ठेव रे. वर्षभर टिकवलंस तर मी फुकट येऊन बसेन. पेशंटनिहाय वेगळं करून.

शंकेखोर

फुकट म्हणाला की मला भीती वाटते.

अण्णा मिरजकर

माझ्या दंडाला पण एक बटण लावा. एकदा दाबलं की आमरस, दोनदा दाबलं की बायकोला सांगू नका.

फ्यूजवायर

अण्णा 😄 सरासरी, नक्की, पण चहा स्वतःचा आणायचा. बाकी लिहितो नंतर, काल रात्री लाइट गेली होती आणि आत्ता वॉर्डातून फोन आला की बेड नंबर ७ परत १ जानेवारी २००० दाखवतोय. आतली बॅटरी गेली असणार. जातो.